हरणाचं मांस उग्र का लागतं?

अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नोव्हेंबर-डिसेंबरात शेजाऱ्याकडून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून कधीतरी एक गोठवलेलं पुडकं मिळतं. त्यावर मार्करने ‘बॅकस्ट्रॅप’ असं लिहिलेलं असतं. ही पाठीच्या कण्यालगतची लांब, बिनहाडांची पट्टी. कुणी ती परतून खातं आणि म्हणतं, इतकं मऊ मांस कधी खाल्लंच नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून तसंच पुडकं येतं, तेवढ्याच हौसेने शिजवलं जातं, आणि पहिल्याच घासाला काळजासारखा वास येतो, टाळूला काहीतरी मेणचट चिकटतं. मग हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो: प्राणी तोच, रान तेच, मग चवीत एवढा फरक का? आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं उत्तरही येतं की शिकारीचं मांस उग्रच असायचं.

हे उत्तर अर्धंच खरं आहे. जातीचा, चाऱ्याचा आणि वयाचा वाटा असतोच. पण ज्याला लोक ‘रानटी चव’ म्हणतात त्यातला मोठा भाग रानातून येत नाही. मरण्याआधीची काही मिनिटं आणि नंतरचा एक दिवस यांत तो तयार होतो.

भारतात हा प्रश्न ताटापर्यंत येत नाही, आणि येऊही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे आणि त्यांचं मांस बाळगणं हासुद्धा. म्हणून हे प्रकरण मुख्यतः अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. तिथे ही हरणं सुमारे तीन कोटी आहेत आणि परवाना काढून दर हंगामात साधारण साठ लाख मारली जातात. शिकार केलेल्या अशा हरणाचं मांस तिथे विकता येत नाही, फक्त घरी खाता येतं किंवा कुणाला देता येतं. हॉटेलात मिळणारं हरणाचं मांस बहुतेक पाळीव हरणांचं असतं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. चवीतल्या फरकाचं पहिलं कारण इथेच आहे. कत्तलखान्यात प्रत्येक जनावर ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या थंडाव्यात हाताळलं जातं. शिकारीच्या प्रत्येक हरणामागे वेगळा माणूस, वेगळा सुरा आणि वेगळं हवामान असतं.

१. चरबी कमी, पण तीच वास धरून ठेवते

हरणाच्या मांसात चरबी दिसते ती कातडीखाली, पाठीवर आणि आतड्यांभोवती. स्नायूंच्या धाग्यांमध्ये ती अगदी थोडी असते, साधारण दोन-तीन टक्के. गाईच्या चांगल्या मांसात लाल भागावर पांढऱ्या रेषांची जाळी दिसते, तशी इथे नसते.

मटणाचा रस्सा थंड झाला की वर पांढरा थर गोठतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. हरणाची चरबी त्याच कुळातली, पण आणखी लवकर गोठणारी. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातले जंतू चाऱ्यातल्या पातळ तेलांचं घट्ट मेदात रूपांतर करतात. हरणात त्यातल्या स्टिअरिक आम्लाचं प्रमाण बरंच असतं, आणि या मेदाला वितळायला जास्त उष्णता लागते. तोंडातल्या उबेला तो पुरता वितळत नाही, म्हणून टाळूवर मेणासारखा बसतो.

वासाचं गणितही चरबीतच आहे. मेदाम्लं म्हणजे चरबीचे घटक. त्यांतली बहुतेक सरळ साखळीची असतात, पण काहींना बाजूला फाटा फुटलेला असतो. ही फाटे फुटलेली मेदाम्लं अगदी कणभर असली तरी नाकाला कळतात. वयात आलेल्या बोकडाच्या मटणाला जो दर्प असतो तो त्यांचाच, आणि खच्ची केलेल्या बोकडात तो जवळपास नसतो हे कुठलाही खाटीक सांगेल. हरणाच्या चरबीतही ही द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. म्हणून जाणता शिकारी डुकराची किंवा गाईची चरबी ठेवतो तशी हरणाची ठेवत नाही. दिसेल तितकी तो सुऱ्याने काढून टाकतो.

२. हरणाने काय खाल्लं

आयोवा-इलिनॉयच्या शेतपट्ट्यातलं हरीण मका, सोयाबीन आणि ओकची फळं खाऊन वाढतं. वायोमिंग किंवा नेवाडाच्या कोरड्या माळावर खेचरासारख्या लांब कानांचं म्युल हरीण चरतं, आणि तिथे मैलोन् मैल सेजब्रश पसरलेला असतो. सेजब्रश हा आपल्या दवण्याचा भाऊबंद, त्याच आर्टेमिसिया कुळातला. चुरगळला की झणझणीत वास येतो. हा वास देणारी द्रव्यं चरबीत विरघळतात, म्हणून माळावरच्या हरणाची चव शेतातल्या हरणापेक्षा तिखट लागते असं शिकारी सांगतात ते पटण्यासारखं आहे.

पाळीव लाल हरणांवर आणि रेनडिअरवर झालेल्या अभ्यासांतही चाऱ्याचा फरक दिसला आहे. कुरणावर चरलेल्यांच्या मांसात ओमेगा-३ मेदाम्लं जास्त आणि चव गवताकडे झुकणारी, तर दाण्यांवर वाढवलेल्यांचं मांस सौम्य. हा फरक खरा असला तरी तो चवीच्या छटेचा आहे. नुसत्या चाऱ्यामुळे ताट बाजूला सारावं लागलं असं क्वचितच होतं.

जातीबद्दल एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. अमेरिकेतले शिकारी चवीला सर्वात सौम्य म्हणून ज्या हरणाचं नाव घेतात ते म्हणजे आपलं चितळ. १८६८ साली हाँगकाँगहून चितळांची भेट हवाईच्या राजाला आली आणि ती मोलोकाई बेटावर सोडली गेली. टेक्सासमध्ये चितळ १९३२ साली आणलं. दोन्हीकडे ते इतकं वाढलं की आता तिथल्या झाडोऱ्याला जड झालं आहे. मावी बेटावर तर सरकारी निरीक्षकाच्या देखरेखीखाली रात्री शिकार करून हे मांस कायदेशीरपणे विकलंही जातं. चितळ सौम्य का लागतं याचं एक कारण चौथ्या भागात येईल.

३. शेवटची दहा मिनिटं

या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. त्यासाठी आधी दोन गोष्टी समजून घेऊ.

स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते. धावताना, झुंजताना, घाबरल्यावर स्नायू ती जाळतात. दुसरी गोष्ट पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप. ७ हा आकडा मधला. तो खाली येत गेला की आंबटपणा वाढला असं समजायचं. जिवंत स्नायूचा पीएच ७ च्या आसपास असतो.

प्राणी मेला तरी स्नायूंतलं काम लगेच थांबत नाही. रक्तातून येणारा प्राणवायू बंद झाल्यावर उरलेल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होत राहतं. दिवसभरात पीएच ७ वरून ५.५ च्या आसपास उतरतो. या सौम्य आम्लतेमुळे मांस चांगलं लाल राहतं, जंतूंची वाढ मंदावते आणि चवीला हलकी तरतरी येते. दही लागायला साखर लागते तशी ही क्रियाही साखर असली तरच होते.

आता एकाच रानातली दोन हरणं घेऊ. पहिलं सकाळी ओकखाली निवांत चरत होतं. गोळी खांद्यामागून फुप्फुसांत गेली, ते पन्नासेक पावलं धावून कोसळलं. ग्लायकोजेन जवळपास जसंच्या तसं उरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांसाचा पीएच ५.६, रंग लाल, कापलेला भाग जरा ओलसर. दुसऱ्याला गोळी पोटात लागली. ते झाडीत शिरलं, बसलं, माणसांची चाहूल लागून पुन्हा उठलं, ओढ्यापलीकडे गेलं, आणि चार तासांनी सापडलं. एवढ्या वेळात स्नायूंतली साखर भीतीत, वेदनेत आणि धावण्यात जळून गेली होती. आम्ल बनायला काही उरलंच नाही. पीएच ६.३ वर अडकला.

दुसऱ्याचं मांस काळपट दिसतं, हाताला घट्ट आणि चिकट लागतं, कापल्यावर पाणी सुटत नाही. मांसशास्त्रात याला ‘गडद, घट्ट, कोरडं’ असं नाव आहे आणि गाईगुरांच्या कत्तलखान्यांतही ते तोट्याचं कारण ठरतं. चवीला ते आधी सपक लागतं. नंतरचा त्रास जंतूंमुळे होतो. नेहमीच्या मांसात जंतू आधी उरलीसुरली साखर खातात, प्रथिनांकडे नंतर वळतात. इथे साखरच नसल्याने ते पहिल्यापासून प्रथिनं फोडू लागतात, आणि प्रथिनं फुटली की कुबट वास सुटतो. त्याच फ्रिजमध्ये ठेवलेलं हे मांस कितीतरी आधी बिघडतं.

म्हणून चांगला नेम ही मला फुशारकीची बाब वाटत नाही. आधी ती दयेची बाब आहे. प्राण्याचं मरण जितकं झटपट आणि बेसावध असतं तितकं मांस चांगलं होतं, आणि खात्री नसताना गोळी न झाडणारा शिकारी दोन्ही अर्थांनी बरोबर वागतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लाल हरणाच्या शिकारीला सोबत नेमलेला माणूस असतो. पाहुण्याला तो तास न् तास ओल्या गवतातून सरपटत नेतो आणि जनावर स्वस्थ, आडवं उभं असेल तरच गोळी झाडू देतो. कुत्र्यांनी पिटाळलेल्या, दमछाक झालेल्या हरणाचं मांस काळं पडतं ते याच कारणाने.

४. माजावरचा नर

अमेरिकेच्या उत्तरेत पांढऱ्या शेपटीचे नर साधारण नोव्हेंबरात माजावर येतात, आणि बंदुकीचा हंगामही बऱ्याच राज्यांत त्याच सुमारास असतो. या काळात नर खाणं जवळजवळ सोडतो, माद्यांमागे आणि प्रतिस्पर्ध्यांमागे धावतो, झुंजतो. वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत त्याचं वजन उतरतं. वर सांगितलेली साखर अशा नरात आधीच खालावलेली असते. उग्रपणाचं एक कारण हे.

दुसरं कारण बाहेरचं आहे. मागच्या पायाच्या सांध्याला, आतल्या बाजूने, केसांचा एक झुबका असतो. त्याखाली गंधग्रंथी. माजावरचा नर दोन्ही झुबके एकमेकांवर घासत त्यांवर मूत्र सोडतो. तिथले जंतू त्या स्रावावर काम करतात आणि झुबका काळा, चिकट, दुरूनही नाकात भरेल असा होतो. हा दर्प मांसात मुरलेला नसतो, तो हाताने किंवा सुऱ्याने मांसाला लागतो. एकाच सुऱ्याने आधी हे झुबके कापायचे आणि मग त्याच सुऱ्याने पाठीची पट्टी काढायची, म्हणजे दर्प स्वतःच्या हाताने चोळल्यासारखं. झुबक्यांना हातच लावू नये, कातड्याबरोबर ते आपोआप निघून येतात. कापायचेच असतील तर सगळ्यात शेवटी, वेगळ्या सुऱ्याने.

चितळांचा माज एका ठरलेल्या ऋतूत एकवटत नाही, त्यांचं प्रजनन वर्षभर चालू असतं. सगळे नर एकाच वेळी उपाशी आणि झुंजून खंगलेले आहेत असा महिना त्यांच्यात येत नाही. त्यांच्या सौम्य चवीमागे याचाही हात असावा.

वयाबद्दल थोडक्यात. म्हातारा नर वासापेक्षा चिवटपणाने जास्त ओळखू येतो. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेनच्या धाग्यांत वयाबरोबर घट्ट गाठी पडत जातात. दीड वर्षाच्या हरणाची राण, म्हणजे मागची मांडी, भाजून खाता येते, सहा वर्षांच्या नराची मंद आचेवर शिजवावीच लागते.

५. पुढचे सहा तास

मेलेल्या हरणाचं शरीर ३८-३९ अंशांवर असतं. वर हिवाळी केसांचं कातडं. हे केस आतून पोकळ असतात, थंडीत जनावराला ऊब देण्यासाठीच. तीच ऊब आता मांसाच्या मुळावर येते. आत भरलेलं पोट आंबत असतं, आणि त्याची उष्णता निघायला वाट नसते.

उबदार ओलाव्यात अनेक जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून सुरुवात केली तर तासाला तीन वेळा, म्हणजे सहा तासांत अठरा वेळा दुप्पट. हिशेब केला तर २,६२,१४४. तेच मांस ४ अंशांपर्यंत उतरवलं तर एकदा दुप्पट व्हायलाच कित्येक तास जातात. शिकाऱ्याचं सगळं कसब या दोन आकड्यांमधल्या वेळेत आहे.

म्हणून आतडी, जठर, मूत्राशय तिथल्या तिथे, लगेच काढायचं. सुरा खोल घालायचा नाही, दोन बोटांनी पोटाचं कातडं उचलून त्यांच्या मधून वरच्यावर चालवायचा, म्हणजे जठर फुटत नाही. गोळीनेच ते फुटलं असेल, तर हिरवट रस लागलेला भाग पुसत बसण्यापेक्षा छाटून टाकणं बरं. जखमेभोवतीचं रक्ताळलेलं, जेलीसारखं झालेलं मांसही जातं. त्याला लोखंडासारखी चव येते आणि नासायची सुरुवात तिथूनच होते.

बऱ्याच जणांचा समज असतो की रक्त राहिल्याने वास येतो, म्हणून मेलेल्या हरणाचा गळा चिरतात. हृदय थांबल्यावर त्याने फारसं रक्त जात नाही. फुप्फुसांत गोळी लागलेलं हरीण छातीच्या पोकळीत आधीच रक्तस्राव होऊन मेलेलं असतं. मांसाचा लाल रंगही मुख्यतः रक्ताचा नसून मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूंतल्या प्राणवायू धरणाऱ्या द्रव्याचा. हरणाच्या राबत्या स्नायूंत ते भरपूर असतं.

हवामान इथे निर्दय ठरतं. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असतो. तिथे हरीण रात्रभर झाडाला टांगलं तरी बहुधा चालतं. साउथ कॅरोलिनाच्या सखल किनारपट्टीत हंगाम १५ ऑगस्टला सुरू होतो. तिथे तासाभरात कातडं उतरवून बर्फ गाठावा लागतो. उशीर झाला तर सर्वात आधी राणीच्या आत, मांडीच्या हाडाभोवतीचं मांस आंबतं, कारण थंडावा तिथे सगळ्यात शेवटी पोचतो. बाहेरून लालबुंद दिसणारी राण कापल्यावर हाडापाशी हिरवट निघते आणि वासाने घर सोडावंसं वाटतं. ‘हरीण उग्र होतं’ या तक्रारीमागे अशा राणी पुष्कळ असतात. ट्रकच्या मागे कातड्यासकट बांधून, दिवसभर मित्रांना दाखवत फिरवलेलं हरीण चांगलं लागावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

६. घाई मात्र फार करू नये

थंडावा इतका महत्त्वाचा, तर ताबडतोब मांस तोडून बर्फात का घालू नये? कारण स्नायू अजून ‘चालू’ असतो. मेल्यानंतर काही तासांनी शरीर ताठरतं. ते ताठरण्याआधीच, पीएच उतरण्याआधीच, स्नायू साधारण १० अंशांखाली गेला तर तो जोरात आकसतो आणि शिजवूनही चामड्यासारखा राहतो. न्यूझीलंडमधल्या लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ साली गाईच्या स्नायूंवर हे दाखवून दिलं. हरणावर चरबीचं पांघरूण पातळ, त्यामुळे ते पटकन गारठतं. हाडावरून आधीच सोडवलेल्या स्नायूला तर आकसायला अडसरच नसतो. म्हणून पहिला दिवस मांस हाडावर राहू द्यावं आणि उष्णता सावकाश पण सतत उतरू द्यावी.

त्यानंतर शून्य ते चार अंशांत हरीण टांगून ठेवतात. स्नायूंतलीच विकरं, म्हणजे प्रथिनं कापणारी द्रव्यं, धाग्यांचे सांधे हळूहळू सोडवतात. मऊपणा वाढतो आणि प्रथिनांच्या तुकड्यांमुळे चवही भरते. तरुण मादीला चार-पाच दिवस पुरे, मोठ्या नराला आठ-दहा. त्यापुढे पातळ चरबीमुळे बाहेरचा भाग वाळून वाया जायला लागतो.

७. ओट्यावर

बहुतेक शिकारी हरीण प्रोसेसरकडे देतात. हा हरणाचा खाटीक. इथे दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे खिम्यात काय मिसळलं आहे. हरणाचा खिमा कोरडा म्हणून त्यात गाईची किंवा डुकराची चरबी घालण्याची सर्रास पद्धत आहे. ज्यांना ती चालत नाही त्यांनी आधीच ‘नुसता खिमा’ सांगावं, कारण पुडक्यावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. दुसरी गोष्ट, सॉसेजसाठी काही ठिकाणी अनेकांच्या हरणांचे तुकडे एकत्र करतात. आपण जिवापाड जपलेलं हरीण मग दुसऱ्याच्या दिवसभर उन्हात फिरलेल्या हरणात मिसळतं.

चरबी आणि स्नायूंवरचा चंदेरी पडदा पूर्ण निघायला हवा. फ्रीझरमध्ये जंतू थांबतात, पण चरबीचं खवट होणं थांबत नाही, आणि मांसातलं लोह त्याला हातभारच लावतं. हवा काढून बंद केलेला अख्खा तुकडा वर्षभर चांगला राहतो. खिमा तीन-चार महिन्यांत संपवावा.

८. आपल्या स्वयंपाकघरात

मराठी घरांत हे मांस मिळालं की हात आपसूक कुकरकडे जातो. खांदा, मान आणि नळी यांच्यासाठी ते अगदी योग्य आहे. तिथलं कोलॅजेन ओल्या उष्णतेत विरघळून रस्सा दाट होतो, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण या मांसाला छान झेपतं. चरबी काढलेली असल्याने तेल मात्र मटणापेक्षा थोडं सढळ हवं.

पाठीची पट्टी कुकरमध्ये घालणं म्हणजे तिची माती करणं. तिच्यात विरघळायला कोलॅजेन नाही आणि ओलावा राखायला चरबी नाही. चार शिट्ट्यांत ती भुसभुशीत होते आणि जास्त शिजलेल्या मायोग्लोबिनमुळे काळजासारखी चव येते. तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून लगेच उतरवावी. अमेरिकेचं कृषी खातं अख्ख्या तुकड्यासाठी ६३ आणि खिम्यासाठी ७१ अंश सांगतं. तुकड्यात खुपसायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, आणि इथे अंदाजापेक्षा तोच कामाचा. दह्यात रात्रभर मुरवल्याने वरचा पातळ थर मऊ होतो आणि मसाला बसतो. बिघडलेलं मांस मात्र त्याने सुधारत नाही.

९. जिभेला न कळणारं

दोन गोष्टी चवीने ओळखता येत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या सांगतो. हरणांना क्षयरोगासारखं झिजवणारा पण मेंदूचा असलेला एक आजार आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत तो प्रथम दिसला आणि आता तीसहून अधिक राज्यांत पसरला आहे. तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण शिजवल्याने त्याचं कारण असलेलं प्रथिन नष्ट होत नाही. म्हणून बाधित हरीण खाऊ नये असा सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला आहे. लागण असलेल्या भागातलं पुडकं मिळालं तर तपासणी झाली का, हे देणाऱ्याला नि:संकोच विचारावं. शिकारी समजून घेतात, बरेचजण स्वतःच सांगतात.

दुसरं शिसं. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिम्यात मिसळले जातात. लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी खिमा करायचा असेल, तर तांब्याच्या गोळीने मारलेल्या हरणाचा घ्यावा, किंवा जखमेभोवतीचा मोठा भाग टाकून दिला आहे ना, हे विचारून घ्यावं.